हवामानाचं ॲप : अंदाज की अंदाजपंचे?

निरभ्र
एकच ठिकाण, एकच वेळ, फोनवर तीन ॲप. उद्यासाठी पहिलं म्हणतं पाऊस ८० टक्के. दुसरं म्हणतं ३० टक्के. तिसऱ्यात सूर्य दात काढून हसतोय. तिन्हींना पाचपैकी साडेचार तारे.
यातलं कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं? साईट किंवा ॲप निवडताना नेमकं काय बघावं? "खिडकीतून बाहेर बघा" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

कोरडा_ठक
खिडकीतून बाहेर बघा.

तापमापी
आधी एक गैरसमज काढू. बहुतेक ॲप अंदाज करत नाहीत, दुसऱ्याचा अंदाज मांडतात. ॲप म्हणजे दुकानाची पाटी, पीठ येतं मोजक्याच गिरण्यांतून. जगभराचा अंदाज देणाऱ्या मोठ्या गिरण्या, म्हणजे संगणकावर वातावरणाचं गणित सोडवणारी मॉडेलं, या:

युरोपचं आयएफएस. चालवते ईसीएमडब्ल्यूएफ, १९७५ सालची संस्था, मुख्यालय इंग्लंडमधल्या रेडिंगला. जाळीची चौकट (मॉडेल जगाचे जे तुकडे पाडून हिशेब करतं, त्यातला एक) साधारण ९ किमी.
अमेरिकेचं जीएफएस. चौकट साधारण १३ किमी, अंदाज १६ दिवसांपर्यंत.
जर्मन हवामान सेवेचं आयकॉन. तेही १३ किमी.

सगळ्या जगाची सरासरी काढली तर युरोपचं मॉडेल बऱ्याच वर्षांपासून पुढे आहे. पण मुद्दा वेगळा आहे. दोन ॲप जुळली म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असं समजू नका. दोघांनी एकाच गिरणीतून दळण आणलेलं असू शकतं. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न : हे कोणतं मॉडेल वापरतं आणि ते उघडपणे सांगतं का?

उलटावारा
तापमापी, गिरणी एक असली तरी दळण सारखंच निघतं असं नाही. मॉडेलच्या आकड्यावर पुढे काय संस्कार होतात यात बराच फरक पडतो.

उदाहरण उंचीचं घ्या. मॉडेलच्या एका चौकटीला एकच उंची असते. चौकटीत डोंगर आणि दरी दोन्ही आले तर त्यांची सरासरी. तुमची जागा त्या सरासरीपेक्षा ४०० मीटर वर असेल, तर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश या हिशेबाने २.६ अंशांची चूक बसल्याजागी झाली. मॉडेल बरोबर, आकडा चूक. चांगली सेवा ही दुरुस्ती करते. ओपन-मेटिओ ही सेवा त्यासाठी ९० मीटर बारकाव्याचा उंचीचा नकाशा वापरते.

तपासायला सोपं आहे. डोंगराचा माथा आणि पायथा अशा दोन जागा ॲपमध्ये टाका आणि दुपारचं कमाल तापमान बघा. दोन्हीकडे तोच आकडा आला तर दुरुस्ती होत नाहीये. रात्रीचं किमान बघू नका. थंड हवा दरीत साचते, तेव्हा पायथा माथ्यापेक्षा गार असू शकतो आणि परीक्षा फसते.

दवबिंदू
याच्याही आधीची पायरी : ॲप नेमकं कुठल्या जागेचा अंदाज दाखवतंय? गावाच्या नावाने शोधलं की एका नावाची दहा गावं निघतात आणि यादीतलं पहिलं आपलंच असेल असं नाही. नकाशावर बोट ठेवून जागा निवडा, किंवा अक्षांश-रेखांश भरा. दशांश चिन्हानंतर दोन आकडे पुरेत. अक्षांशात त्याने जागा १.१ किमीच्या आत येते, आणि मॉडेलची चौकट त्याच्या आठ-दहा पट मोठी असते. पाच आकडे भरून अंदाज नेमका होत नाही.

दुसरं, होमस्क्रीनवरचं विजेट. बॅटरी बचत चालू असेल तर ते मागच्या मागे ताजं होत नाही आणि सकाळचा आकडा संध्याकाळी मिरवत बसतं. शेवटचं कधी ताजं झालं ती वेळ दाखवत नसेल तर ते विजेट काढलेलं बरं.

निरभ्र
मॉडेलचं नाव सापडतं कुठे? सेटिंगमध्ये तर भाषा आणि रंगच दिसतात.

तापमापी
"माहिती" किंवा "डेटा स्रोत" अशा नावाच्या पानावर असतं, नाहीतर साईटच्या अगदी तळाशी. कुठेच नसेल तर तेच उत्तर समजा.

उघडपणे दाखवणारी काही नावं :
विंडी डॉट कॉम. जागेवर बोट ठेवलं की खाली पट्टी उघडते, तिथे मॉडेल बदलता येतं आणि सगळी मॉडेलं एकाखाली एक लावून तुलनाही करता येते. (विंडी डॉट ॲप ही वेगळ्या लोकांची वेगळी गोष्ट आहे, घोळ करू नका.)
मेटिओब्लू. स्वित्झर्लंडमधलं. त्याच्या मल्टिमॉडेल पानावर सगळ्या मॉडेलांच्या रेषा एकाच आलेखात असतात. रेषा एकमेकींना चिकटून चालल्या तर निवांत राहा, पिसाऱ्यासारख्या फाकल्या तर त्या दिवसाचा बेत लवचिक ठेवा.
वायआर. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथलं सरकारी प्रसारण मंडळ मिळून २००७ पासून चालवतात. जाहिराती नाहीत. उत्तर युरोपच्या बाहेर युरोपचंच मॉडेल वापरतं.

पारा
"तासातासाचा अंदाज" या शब्दावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

जीएफएस पहिले १२० तास दर तासाचा आकडा देतं, पुढे दर तीन तासांचा. युरोपचं मॉडेल ९० तासांपर्यंत दर तासाला, १४४ पर्यंत दर तीन तासांनी आणि २४० पर्यंत दर सहा तासांनी. आता एखादं ॲप नवव्या दिवशी "दुपारी ३ वाजता पाऊस, ४ वाजता उघडीप" असं दाखवतं तेव्हा तो तपशील येतो कुठून? कुठूनच नाही. सहा-सहा तासांच्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढून मधले तास भरलेले असतात. नवव्या दिवसाचा "पाऊस ३ वाजता" म्हणजे "त्या सहा तासांत कधीतरी, पडलाच तर".

माझी कसोटी साधी आहे. जे ॲप नवव्या दिवसालाही पहिल्या दिवसाइतक्याच ठसठशीत आत्मविश्वासाने तासवार चित्रं काढतं, त्याच्यावर पहिल्या दिवशीही थोडा संशय ठेवा.

कोरडा_ठक
आणि जे ४५ दिवसांनंतरच्या मंगळवारी दुपारी पाऊस दाखवतं?

पारा
त्याला हात दाखवून या.
गंमत सोडा. वातावरणाची एकेका दिवसाच्या अंदाजाची मर्यादा दोन आठवड्यांच्या आसपास मानतात. सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक वाढत जाऊन सगळा अंदाज गिळते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने १९६३ सालीच दाखवलं. त्यापुढचा काळ "सरासरीपेक्षा ओला की कोरडा" एवढ्याच भाषेत सांगता येतो. ४५व्या दिवशी जे छापलेलं असतं ती बहुतेक वेळा मागच्या अनेक वर्षांची सरासरी असते, अंगात अंदाजाचे कपडे घालून आलेली.

निरभ्र
बरं. पण ८० आणि ३० चं काय? दोन्ही एकाच गिरणीचे असतील तर एवढी तफावत कशी?

उलटावारा
दोघंही खरं बोलत असतील. ८० वालं ॲप बहुधा अख्ख्या दिवसाचा आकडा देतंय आणि ३० वालं एका तासाचा.

गणित बघा. दुपारच्या सहा तासांत प्रत्येक तासाला ३० टक्के शक्यता आहे. ते तास एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असते तर एकाही तासात पाऊस न येण्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम १२ टक्के. म्हणजे कधीतरी पाऊस येण्याची शक्यता ८८ टक्के. उलट सहाही तास एकाच ढगाच्या भरवशावर असतील, आला तर सहाही तास नाहीतर एकही नाही, तर शक्यता ३० च राहते. प्रत्यक्षातला आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणून ॲपमधला टक्का बघताना "किती वेळासाठी?" हे आधी शोधा.

आणि तिसऱ्याचा हसरा सूर्य? चित्र कधी बदलायचं याचा उंबरठा प्रत्येकाचा वेगळा. एकाला ०.१ मिमी पुरतं, दुसरा १ मिमीशिवाय ढगाला थेंब काढत नाही. चित्रं बघू नका. मिमी आणि टक्के एकत्र बघा. ८० टक्के आणि ०.३ मिमी म्हणजे रस्ता ओला होईल. ३० टक्के आणि २५ मिमी म्हणजे बहुधा काही होणार नाही, पण झालं तर धो धो.

कोरडा_ठक
मला वाटत होतं ३० टक्के म्हणजे डोक्याच्या ३० टक्के भागावर पाऊस.

दवबिंदू
हसू नका, "३० टक्के भागात पाऊस" असं समजणारे खूप आहेत. अर्थ इतकाच : ज्या ज्या दिवशी त्या सेवेने ३० टक्के म्हटलं, असे शंभर दिवस वेगळे काढले तर त्यातल्या साधारण तीस दिवशी तुमच्या जागी पाऊस झालेला असायला हवा. साठ दिवशी झाला तर सेवा कमी सांगते, दहाच दिवशी झाला तर फुगवून सांगते.
फुगवण्याचं कारणही माणसाच्या स्वभावात आहे. पाऊस सांगितला आणि नाही आला तर कोणी तक्रार करत नाही. ऊन सांगितलं आणि भिजलो की ॲपला एक तारा.

तापमापी
टक्का येतो कुठून तेही सांगतो. युरोपचं मॉडेल एकदाच चालत नाही. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० वेळा आणि न बदलता एकदा, असं ५१ वेळा चालतं. ५१ पैकी १७ मध्ये पाऊस आला तर ढोबळमानाने ३३ टक्के. अमेरिकेच्या अशा संचात ३१ असतात. शक्यता न सांगता एकच ठाम आकडा देणारं ॲप बहुतेकदा एकाच फेरीवर बोलत असतं. चौथ्या दिवसापासून पुढे संचाचा आलेख दाखवणारीच साईट वापरा.

अजून एक. मॉडेल दिवसातून चारदा नव्याने चालतं : युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, ००, ०६, १२ आणि १८ वाजता. निकाल ॲपपर्यंत पोचायला आणखी चार ते सात तास. दर दहा मिनिटांनी पाचव्या दिवसाचा अंदाज उघडून बघण्यात काही हशील नाही. आणि दर फेरीला शक्यता २०, ७०, २०, ६० अशी हेलकावत असेल तर ताज्या आकड्याच्या मागे धावू नका. हेलकावा हीच माहिती आहे : मॉडेललाच अजून नक्की माहीत नाही.

गडगडाट
वादळी पावसाचा वेगळा हिशेब आहे. वळवाच्या ढगाची एक पेशी पाच-दहा किमी रुंद असते, म्हणजे ९ किंवा १३ किमीच्या जाळीत ती मावतच नाही. मॉडेल अशा पावसाचा सूत्राने अदमास घेतं. त्या सूत्रांची जुनी खोड म्हणजे पाऊस भर दुपारीच पाडून मोकळं होणं. प्रत्यक्षात जमिनीवरचे असे ढग दुपार कलल्यावर, संध्याकाळकडे फुटतात. म्हणून जागतिक मॉडेलने "१२ वाजता गडगडाट" म्हटलं आणि बारा कोरडे गेले तर लगेच निर्धास्त होऊ नका. १ ते ४ किमी जाळीची प्रादेशिक मॉडेलं असे ढग थेट उभे करू शकतात, त्यांची वेळ बरीच बरी असते. पण ती दोन-पाच दिवसांपुढे जात नाहीत.

पुढच्या दोन तासांसाठी मॉडेल बाजूला ठेवा आणि रडार उघडा. असं :
१. ॲनिमेशन अर्धा तास मागे न्या. पावसाच्या पट्ट्याची पुढची कड कुठे होती ते बघा.
२. आता कुठे आहे ते बघा. अर्ध्या तासात १५ किमी सरकली तर वेग ताशी ३० किमी.
३. कड तुमच्यापासून २० किमीवर असेल तर साधारण ४० मिनिटं आहेत.
४. वाटेत पट्टा पसरतोय की विरतोय हेही बघा. नव्याने डोक्यावरच तयार होणारा ढग या पद्धतीत सापडत नाही.

रंगांचा अर्थ डीबीझेडमध्ये, म्हणजे पावसावरून परतणाऱ्या रडारलहरींच्या जोराच्या मापात असतो. नेहमीच्या सूत्राने ३० म्हणजे तासाला पावणेतीन मिमी, ४० म्हणजे साडेअकरा, ५० म्हणजे पन्नाशीच्या आसपास. दहा वाढले की पाऊस चौपटीहून जास्त. रंगपट्टी प्रत्येक ॲपची वेगळी, तेव्हा "लाल दिसलं" याला काही अर्थ नाही. आकडा बघा.

निरभ्र
रडार कोरडं दाखवतं आणि बाहेर पाऊस, असं का होतं?

गडगडाट
पृथ्वी गोल आहे म्हणून. रडारचा सर्वात खालचा किरण साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो. १०० किमीवर तो जमिनीपासून दीड किमी उंच गेलेला असतो, २०० किमीवर चार. बुटक्या ढगातला पाऊस त्याच्या खालून निसटतो. उलटही होतं : चार किमीवर थेंब दिसतात आणि खाली येईपर्यंत कोरड्या हवेत सुकून जातात. रडार तुमच्यापासून किती लांब आहे ते एकदा नकाशावर मोजून ठेवा.

आणि खरी फसवणूक पुढे आहे. जिथे रडार पोचत नाही तिथे काही ॲप मॉडेलचाच पाऊस रडारसारखा रंगवून दाखवतात. ओळखायची खूण : खरं रडार खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचं असतं, कडा फाटक्या. मॉडेलचा पाऊस लोण्यासारखा गुळगुळीत सरकतो. शंका आली तर उपग्रह बघा. झूम अर्थ या साईटवर जपानच्या हिमावारी उपग्रहाच्या टापूत दर दहा मिनिटांनी चित्र येतं. फक्त इन्फ्रारेडमधला प्रत्येक पांढरा ढग पावसाचा नसतो. उंचावरचे पातळ पिंजारलेले ढगही थंड म्हणून पांढरेशुभ्र दिसतात.

कोरडा_ठक
विषयांतर : तापमान ३४, "जाणवतं ४१". हे जाणवतं कोणाला?

पारा
सावलीत, हलक्या वाऱ्यात चालणाऱ्या एका काल्पनिक माणसाला. उष्णता आणि आर्द्रता यांच्या सूत्रातून तो आकडा निघतो. थेट उन्हात आणखी आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते. प्रत्येक ॲपचं सूत्र वेगळं. काही वारा आणि ऊन धरतात, काही नाही. दोन ॲपच्या "जाणवतं"ची तुलना करू नका.
विषयांतरातच वाऱ्याचंही घ्या : एक नॉट म्हणजे १.८५२ किमी ताशी, मीटर प्रतिसेकंदाला ३.६ ने गुणा. अंदाजातला वारा १० मीटर उंचीवरचा असतो आणि झोत वेगळा दिलेला असतो. छप्पर झोताने उडतं, सरासरीने नाही.

निरभ्र
एआयवाल्या अंदाजाचं काय? प्रत्येक ॲप हल्ली तीच पाटी लावतं.

तापमापी
पाटी आणि माल इथेही वेगळे. माल खरा आहे. ईसीएमडब्ल्यूएफने स्वतःचं एआय मॉडेल, एआयएफएस, २५ फेब्रुवारी २०२५ पासून नेहमीच्या कामात घेतलं. चक्रीवादळाच्या मार्गासारख्या मोठ्या गोष्टींत ही मॉडेलं दमदार आहेत. पण जाळी अजून २५-३० किमीच्या घरातली, आणि सरासरी चूक कमी ठेवायला शिकवलेली असल्यामुळे टोकाचे आकडे बोथट करण्याकडे कल. अतिवृष्टीचे मिमी आणि वादळाचा जोर यासाठी एकट्या त्यांच्यावर विसंबू नका. नुसतं "एआय" लिहिलंय, मॉडेलचं नाव नाही, तर तो फक्त रंग.

दवबिंदू
धोक्याच्या इशाऱ्यासाठी मात्र ॲपांची तुलना वगैरे करत बसू नये. आपापल्या देशाच्या अधिकृत हवामान संस्थेचा इशारा, बस. तिथे मॉडेल, रडार, उपग्रह समोर ठेवून माणूस बसलेला असतो आणि त्या इशाऱ्यावर प्रशासन हलतं. जागतिक हवामान संघटनेच्या तीव्र हवामानाच्या साईटवर बऱ्याच देशांचे अधिकृत इशारे एकत्र दिसतात. ॲपमध्ये आलेल्या इशाऱ्याखाली तो काढणाऱ्या संस्थेचं नाव आणि मुदत नसेल तर ती नुसती सूचना, लक्ष वेधायला.

उलटावारा
आता अचूकतेच्या दाव्यांवर. "९५ टक्के अचूक" असं लिहिलेलं दिसलं की १८८४ आठवा. तेव्हा हवामानाचं काम बघणाऱ्या अमेरिकेच्या सिग्नल सेवेतल्या जॉन फिनलीने चक्रवाती वावटळींचे, म्हणजे टॉर्नेडोंचे २८०३ अंदाज दिले. "होईल" म्हटलं आणि झालं : २८. "होईल" म्हटलं आणि नाही झालं : ७२. "नाही" म्हटलं आणि झालं : २३. बाकी २६८० वेळा "नाही" म्हटलं आणि नाही झालं. बेरीज केली तर ९६.६ टक्के बरोबर! मग टीकाकारांनी दाखवून दिलं की डोळे मिटून रोज "नाही" म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आलं असतं.

म्हणून कोरड्या ऋतूत रोज सूर्य दाखवणारं ॲपही थोर दिसतं. बरोबर मोजायचं तर "नाही आणि नाही" हा रकाना सोडून द्या. बरोबर पकडलेले, भागिले (पकडलेले + खोटे इशारे + निसटलेले). फिनलीचं उत्तर येतं २८ भागिले १२३, म्हणजे ०.२३.

हेच घरी करा. हातच्या काकणाला आरसा कशाला?
रोज एका ठरलेल्या वेळी प्रत्येक ॲपमधून उद्याचा, तीन दिवसांनंतरचा आणि पाच दिवसांनंतरचा अंदाज वहीत लिहा : कमाल, किमान, पावसाचे मिमी. नंतर त्यापुढे प्रत्यक्ष काय झालं ते. पाऊस "झाला" कधी म्हणायचं ते आधी ठरवा, १ मिमी ठीक. तीस दिवसांनी वरचं सूत्र लावा. तापमानासाठी फरकांची सरासरी काढा, अधिक-उणे चिन्ह सोडून. आणि एक फुकटचा स्पर्धक ठेवा : "आज जसं, उद्या तसंच". त्याला हरवू न शकणारं ॲप काढून टाका. ऋतू बदलला की वही पुन्हा उघडा, ओल्या ऋतूतला पहिला नंबर कोरड्यात टिकेलच असं नाही.

निरभ्र
प्रत्यक्षातले मिमी मोजायचे कशाने?

पारा
सरळ उभ्या बाजूंचं, सपाट तळाचं कोणतंही भांडं. तळाला गोलाई असेल तर आधी थोडं पाणी भरून ती रेघ शून्य धरा. साचलेल्या पाण्याची उंची मिमीत, तोच पाऊस. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. थोडा पाऊस नीट वाचायचा असेल तर वर रुंद नरसाळं लावा : नरसाळ्याचं तोंड १०० मिमी आणि बाटली आतून ५० मिमी असेल तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून वाचलेल्या उंचीला चारने भागा. व्यास दुप्पट म्हणून दोननेच भागणारे खूप सापडतात, मग पाऊस दुप्पट दिसतो आणि बिचारं ॲप नापास होतं.
भांडं भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा. रोज एकाच वेळी वाचा आणि रिकामं करा.

गडगडाट
आणि ॲपचा "दिवस" मध्यरात्री संपतो, तुमच्या भांड्याचा सकाळी. रात्रीचा पाऊस भलत्या तारखेला जाणार नाही हे बघा. तुलना त्याच चोवीस तासांची हवी.

कोरडा_ठक
निरभ्रने एक ॲप विचारलं होतं. मिळालं नरसाळं.

निरभ्र
खरंच, आता थेट नावं सांगा. रोजच्या वापराला काय ठेवू?

तापमापी
दोन तासांपर्यंत तुमच्या भागाचं खरं रडार. उद्या-परवासाठी वायआर किंवा विंडीवर युरोपचं मॉडेल, शेजारी आयकॉन. चार ते दहा दिवस, मेटिओब्लूचं मल्टिमॉडेल नाहीतर संचाचा आलेख. दहाच्या पुढे काही नाही.

उलटावारा
उद्या-परवाबद्दल सहमत नाही. किनाऱ्याला किंवा डोंगराळ भागात राष्ट्रीय संस्थेचं बारीक जाळीचं मॉडेल उपलब्ध असेल तर ते आधी, युरोप नंतर. खारे वारे ९ किमीत नीट उमटत नाहीत. वही काय म्हणते ते बघून ठरवा.

दवबिंदू
आणि लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना" एवढीच द्या, कायमची नको. त्याआधी माझी पहिली पायरी केली का?

निरभ्र
आत्ता केली. हसरा सूर्य त्याच नावाच्या दुसऱ्या गावाचा निघाला. तिथे उद्या खरंच ऊन आहे.

कोरडा_ठक
तिथल्या लोकांना कळवा, त्यांचं ॲप चांगलं आहे.